फाइल वहिनींच्या नावाने उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ३३ वर्षांचे, कागल तालुक्यातले. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, शिरोलीत एका फाउंड्रीच्या मशिन शॉपमध्ये नऊ वर्षं काम. पत्नी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स, कोल्हापुरात खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत सहा वर्षं. मुलगा चार वर्षांचा. जर्मनीला जायचंय. एक एजंट ‘तुमच्या नावाने वर्क परमिट काढून देतो, मिसेसना डिपेंडंट म्हणून नेऊ’ असं सांगून सहा लाख मागतोय, त्यातले दोन आधी. द्यावेत का?

दोन लाख देऊ नका. बाकीचं उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

स्टेशन रोडला पोटमाळ्यावरच्या ऑफिसात सतरा वर्षं मी परदेशी नोकरीच्या आणि व्हिसाच्या फाइली करतोय. सुरुवात गल्फच्या फाइलींनी झाली, आता निम्मं काम युरोपचं आहे. तुमच्या प्रश्नात मला एजंटपेक्षा एक दुसरीच गोष्ट आधी दिसली. स्वतःबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय आणि पत्नीचं सगळं एका वाक्यात उरकलंय. माझ्या टेबलासमोरही असंच होतं. नवरा पुढच्या खुर्चीत, फाइल त्याच्या हातात. बायको मागच्या बाकावर, पोराला मोबाइल देऊन गप्प बसवत. मी दोघांचे कागद मागतो, आणि कितीतरी वेळा जर्मनीला चालणारे कागद मागच्या बाकावरच निघतात. तुमच्या घरात तेच आहे असं मला वाटतं. पण आधी तुमचं बघू, नाहीतर तुम्हाला वाटेल मी टाळतोय.

‘वर्क परमिट काढून देतो’ हे वाक्यच जर्मनीच्या बाबतीत उलटं आहे. तिथे परमिट आधी काढून खिशात ठेवता येत नाही. आधी कंपनीचा करार, मग त्या करारावर व्हिसा. याला मोठा अपवाद एकच, १ जून २०२४ पासून सुरू झालेलं अपॉर्च्युनिटी कार्ड. त्यावर नोकरी हातात नसताना वर्षभरासाठी जाऊन शोधता येते आणि तोवर आठवड्याला वीस तास काम करता येतं. तुमचा एजंट बहुधा यालाच परमिट म्हणतोय.

या कार्डाला दारातच अटी आहेत. किमान दोन वर्षांचं, आपल्या सरकारने मान्य केलेलं शिक्षण हवं. तुमचा एमएसबीटीईचा, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा, तीन वर्षांचा डिप्लोमा त्यात बसावा, पण तो मान्य आहे असं पत्र परदेशी शिक्षण तपासणाऱ्या जर्मनीतल्या झेडएबी या कार्यालयाकडून मागवावं लागतं. जाता जाता सांगतो, आयटीआयवाल्यांची इथेच गंमत होते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे, म्हणून चालतात. वेल्डर एक वर्षाचा, म्हणून अडतो, मग हातात कितीही कसब असो. पुढची अट भाषेची, जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ (या भाषेच्या पातळ्या: ए१ सगळ्यात खालची, मग ए२, बी१, बी२). आणि पैशाची, २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये. युरो शंभर रुपये धरला तरी तेरा लाखांवर गेलं. हे पैसे तुमचेच असतात, तिथे दर महिन्याला थोडे थोडे सुटतात. पण आधी उभे करावे लागतात.

एवढं झाल्यावर गुण. सहा लागतात. पस्तिशीच्या आत असल्याचे तुम्हाला दोन. गेल्या सात वर्षांत पाच वर्षं त्याच क्षेत्रातला अनुभव असेल तर तीन, गेल्या पाचात दोन वर्षं असेल तर दोन. तुम्ही म्हणाल, माझी तर नऊ वर्षं आहेत. आता मी विचारतो तो प्रश्न नीट ऐका. पीएफ कधीपासून कापला जातोय?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, कुठलंही घ्या. पोरगं डिप्लोमा करून लागतं ते ठेकेदाराकडे. चार-पाच वर्षं ठेकेदार, मग नशीब असेल तर कंपनीच्या रोलवर. ठेकेदाराच्या काळात पगार पाकिटात, स्लिप नाही. आज तोच ठेकेदार लेटरहेडवर ‘पाच वर्षं काम केलं’ असं लिहून देईल, पाहिजे तर दहा लिहील. पण पडताळणीत पत्र, बँकेतला पगार आणि पीएफचं पासबुक एकमेकांना जुळावं लागतं. माझ्याकडे आलेल्या एका सीएनसी ऑपरेटरचं पत्र सात वर्षांचं होतं आणि पीएफ तेहेतीस महिन्यांचा. मी तेहेतीस महिन्यांवरच फाइल केली. तो माझ्यावर चिडला, पण व्हिसा मिळाला. पत्र मोठं आणि पासबुक छोटं असेल तर पासबुकावर चालायचं, हा माझा नियम आहे. खोट्या कागदाचा संशय आला की आयुष्यभराची बाकीची खरी कागदंसुद्धा संशयात जातात.

समजा तुमची शेवटची चार वर्षं रोलवरची आहेत. मग अनुभवाचे दोन, वयाचे दोन, झाले चार. उरलेले दोन जर्मनने आणायचे, बी१ केलंत तर दोन मिळतात. नाहीतर ए२ चा एक आणि पत्नीनेही सोबत याच कार्डासाठी अर्ज केला, तिनेही सगळ्या अटी पाळल्या, तर जोडीदाराचा एक. म्हणजे सहा होतात, अगदी काठावर. पण या कार्डावर कुटुंब मागून नेता येईल असं धरू नका. आणि पोचल्यावर? ए२ वाल्या माणसाला मशिन शॉपचा सुपरवायझर सेफ्टीची सूचना देतो आणि तो मान हलवतो, एवढंच होतं. वर्ष संपतं, ब्लॉक्ड अकाउंट संपतं, माणूस परत येतो. असे आलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. त्यातला एक आता पुन्हा गोकुळ शिरगावला आहे आणि कुणाला सांगत नाही की तो गेला होता.

कराराचे रस्तेही आहेत. दोन वर्षांचा अनुभव आणि मान्य शिक्षण असेल तर डिग्री नसतानाही कंपनी बोलावू शकते. पण त्याला २०२५ मध्ये वर्षाला ४३,४७० युरो पगाराची अट होती, आणि जर्मन न येणाऱ्या माणसाला तेवढा पगार कोण देतो? मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’ नावाचा प्रकार आलाय. कंपनीने करार द्यायचा, ए२ लागतं, आणि शिक्षणाची मान्यता तिथे काम करता करता घ्यायची. तुमच्यासाठी हा सगळ्यात चांगला, फक्त कंपनी शोधावी लागेल. हे सगळे आकडे वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पुन्हा बघायचे.

आता वहिनी.

जीएनएमचं तीन-साडेतीन वर्षांचं शिक्षण, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, सहा वर्षं आयसीयू, आणि खासगी असलं तरी हॉस्पिटलने पीएफ कापला असणार. जर्मनीत नर्सिंग हा परवान्याचा व्यवसाय आहे, म्हणून तिथल्या राज्याच्या कार्यालयाकडे आधी मान्यतेचा अर्ज जातो. ते आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी तास मोजून ताडतात आणि एक पत्र देतात. त्यात काय कमी पडतं ते लिहिलेलं असतं. आपल्या मुलींना वृद्धसेवेच्या तासांत कमी पडल्याचं मी नेहमी बघतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट ते पत्र म्हणजे गेटपास आहे. त्यावर आणि बी१ वर हॉस्पिटलचा करार मिळतो, व्हिसा मिळतो, तिथे जाऊन हेल्परच्या पगारावर काम करत उरलेलं प्रशिक्षण किंवा परीक्षा पूर्ण करायची. पूर्ण मान्यतेला बी२ लागतं. मान्यता झाली की ती त्यांच्या देशातली नर्स. वृद्धसेवेत पूर्ण पात्रतेच्या नर्सला तासाला किमान २०.५० युरो हा जुलै २०२५ मध्ये लागू झालेला दर, हेल्परला १६.१० पासून.

आणि तुमचं? मान्यताप्राप्त नर्सचा नवरा म्हणून गेलात तर पहिल्या दिवसापासून कुठलंही काम, पूर्ण वेळ करायची परवानगी असते. पूर्ण मान्यता झालेल्या नर्सच्या नवऱ्याला ए१ चीही अट नसते. गुण मोजायचे नाहीत, तेरा लाख अडकवायचे नाहीत. मुलगाही त्याच वाटेने येतो. तिथे राहून भाषा शिकून तुम्ही तीच मशिन शॉपची नोकरी शोधायची, जी इथून शोधताना नाकी नऊ येतात.

मधला एक वर्षाचा तुकडा मात्र अवघड आहे, तो लपवत नाही. मान्यता पूर्ण होईपर्यंत पगार हेल्परचा, राहणं हॉस्पिटलच्या वसतिगृहातल्या खोलीत. त्या काळात नवरा आणि पोराचा व्हिसा कागदावर शक्य असला तरी माझ्याकडच्या बहुतेक फाइली तिथेच थांबतात. म्हणजे साधारण वर्षभर ती तिकडे आणि तुम्ही पोराला घेऊन इकडे. सकाळचा डबा, बालवाडी, ताप, सगळं तुम्ही आणि तुमच्या आई.

व्हिसाच्या कार्यालयापेक्षा मोठा अडथळा मी इथे बघितलाय. ‘सून तिकडं कमवणार आणि पोरगा हितं पोर सांभाळणार? लोक काय म्हणतील?’ भुदरगडच्या एका घरात मला हेच ऐकवलं होतं, मुलीचं बी१ झालेलं असताना. शेवटी फाइल नवऱ्याच्या नावाने करायचा हट्ट धरला, ती झाली नाही, आणि मुलीच्या प्रमाणपत्रावर धूळ बसली. तुमच्या घरात हे बोलणं होणार असेल तर आजच होऊ दे. करार आल्यावर नको.

भाषेचं गणित कुणी गोड करून सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. आयसीयूच्या शिफ्ट, घर, मूल सांभाळून शून्यापासून बी२ ला दीड ते दोन वर्षं धरा. शिवाजी विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात सुरुवात करता येते, पुण्याला मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही चांगले निघालेत. परीक्षेच्या जागा उघडल्या की लगेच भरतात, म्हणून तारखेवर डोळा ठेवावा लागतो. रात्रपाळी झाल्यावर सकाळी वर्गाला बसू नका असं वहिनींना सांगा. मी सगळ्यांना सांगतो, कुणी ऐकत नाही, आणि बहुतेक जणी पहिल्यांदा श्रवणाच्या भागात नापास होतात.

कागदांकडे येतो, कारण खरा वेळ तिथे जातो.

नर्सिंग स्कूलकडून तासांचं विवरण आणायला आत्ताच लागा. प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास, वॉर्डचे तास, कुठल्या वॉर्डात किती आठवडे. गुणपत्रिका म्हणजे हे नव्हे. शाळा बंद पडली असेल, प्राचार्य बदलले असतील, रजिस्टर गोदामात असेल, तर याला महिने लागतात. क्लार्क ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो. पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन बसायचं.

नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचं. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर सासरचं, नवऱ्याचं नाव मध्ये. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. जर्मन कारकून पहिला शब्द नाव समजतो आणि त्याच्यासमोर तीन वेगळ्या बाया उभ्या राहतात. त्यांना जोडणारा धागा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका आणि अल्बम घेऊन येणारे अजून भेटतात. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंदणी झालेली नसेल तर आधी ती करा.

आणि जन्मतारीख. आपल्याकडे एका पिढीचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच लिहिली. माझ्याकडच्या एका नर्सच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर, पासपोर्टवर, सगळीकडे एक जून होतं. यादीत जन्मदाखला लिहिला होता म्हणून तिने ग्रामपंचायतीतून आणला, मी जोडला. त्यावर एकोणीस ऑगस्ट. तिकडून पत्र आलं, ही दोन माणसं आहेत का? निस्तरायला आठ महिने गेले. चूक माझी होती. कागद मिळाला म्हणून लावला, शेजारी शेजारी ठेवून वाचला नाही. तेव्हापासून मी सगळे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडतो आणि बोट ठेवून फक्त नाव आणि तारीख वाचतो, बाकी काही नाही.

भाषांतर जर्मनीत मान्यता असलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करा. मराठी दाखल्यांची इंग्रजी प्रत मूळ कार्यालयाकडून मिळत असेल तर तीच घ्या, भाषांतराचा एक टप्पा वाचतो. अपोस्टिलच्या (कागद परदेशात चालावा म्हणून लावायच्या सरकारी शिक्क्याच्या) नावाखाली कागदामागे हजारो रुपये घेणारे आहेत. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे हे खरं, पण आपल्या सहभागाला जर्मनीने आक्षेप घेतला होता. म्हणून जर्मन कार्यालयाने लेखी मागितल्याशिवाय त्यावर रुपया घालू नका.

व्हिसाच्या भेटीला मुंबई. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी उतरून काम करायचं, रात्री परत. मूळ कागद आणि दोन झेरॉक्सचे संच वेगळ्या पिशवीत ठेवा, उशाखाली. नकार आला तर पूर्वी फेरविचाराचं पत्र लिहिता यायचं. ते जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केलं. आता नवा अर्ज किंवा तिथल्या कोर्टात दावा, त्यामुळे पहिलीच फाइल नीट जायला हवी.

पुन्हा एजंट. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. त्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून घेता येणारी फी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढीच आहे. सहा लाख कुठल्या नियमात बसतात ते त्यालाच विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो. नर्सच्या भरतीत तर चांगली हॉस्पिटलं खर्च स्वतः करतात. ‘फेअर अन्वेर्बुंग’ हा जर्मन सरकारी शिक्का असलेल्या संस्था नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. कराराबरोबर एक कलम मात्र वाचा: दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषेचा खर्च परत, तो किती ते. आणि ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. भारतीय माणसाला तो बदलून मिळत नाही.

दुसऱ्या देशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पाहुण्यांपैकी कुणीतरी सुचवणारच. ब्रिटनने केअर वर्करसाठी बाहेरून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद केली, त्यात पडू नका. कॅनडाने नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. गल्फ लवकर होतं, पण तुम्हाला कुटुंबासकट स्थिरावायचंय असं तुमच्या प्रश्नातून वाटलं, आणि त्यासाठी गल्फ नव्हे.

शेतीचं विचारायचं राहिलं असेल तर सांगतो, कारण कागलचा माणूस शेवटी तेच विचारतो. आज तुमच्या नावावर आहे किंवा पुढे वारसाने येईल ती जमीन परदेशी राहायला गेलात तरी तुमचीच राहते. नवी शेतजमीन विकत मात्र घेता येत नाही. बांधाला लागून कुणाचा तुकडा घ्यायचा चालला असेल तर तो व्यवहार जाण्याआधी उरका, आणि उरकणार नसेल तर भाऊ असेल तर त्याच्या नावाने होऊ दे.

या महिन्यात तीन कामं करा. तुमचं आणि वहिनींचं पीएफ पासबुक डाउनलोड करून महिन्यांची बेरीज मारा. नर्सिंग स्कूलला तासांच्या विवरणासाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आणि मुलाचा जन्मदाखला काढून बघा, त्यावर त्याचं नाव चढलंय का. कितीतरी पोरांच्या दाखल्यावर बारशाआधीची नोंद तशीच असते, नावाची जागा कोरी. ते चढवून घेतलं की कोल्हापुरात टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रात त्याचा अर्ज करा, दोघांच्या सह्या लागतील. मग तिघांचे कागद घेऊन या. फक्त येताना पुढच्या खुर्चीत वहिनींना बसवा, पोराकडे तुम्ही बघा.